हरकती व सूचना

मसुद्याच्या शेवटच्या पानावर छापलंय,
हरकती लेखी द्याव्यात, तीस दिवसांत.
म्हणून लिहितेय.
कालिंदी भोंडवे, वय एकोणसाठ,
कँपात नोंदणी कार्यालयासमोर झेरॉक्सचं दुकान.
हरकत कलम सहाला.

मला कायदा कळत नाही, कागद कळतात.
कुठला घामेजल्या मुठीतून आलाय,
कुठला देवघरातल्या डब्यातून उचललेला,
अजून कापराचा वास धरून.

परवा सुकेशिनी आली.
ससूनला नर्स, रात्रपाळीचे बूट तसेच पायात.
मुलगा मार्केटयार्डात टेम्पो चालवतो.
तिसरा साक्षीदार गाडी लावायला गेला
तो आलाच नाही.
मी शटर अर्धं ओढलं, वर जाऊन सही केली.
अशा माझ्या सह्या चाळीसेक असतील त्या रजिस्टरात.

तुमच्या कलमाप्रमाणे आता
तिनं आईबापाची सही आणायची
आणि नोंदणी करायची मूळ गावी.
साहेब, त्या गावातून ती पहाटेच्या एसटीनं निघाली,
फाट्यापर्यंत चपला हातात घेऊन.
परतीचं तिकीट तुम्ही काढताय.

‘मुलींच्या संरक्षणार्थ’ असं वर लिहिलंय.
ते पान मी दोनदा काढून पाहिलं.
टोनर संपत आला असेल,
दोन्हीदा तेवढाच शब्द पुसट आला.

आता माझं सांगते.
माझ्या लग्नात सासवडला सहाशे पान उठलं.
वडिलांची संमती होती, मामांची, भावकीची,
वाजंत्र्यांचीसुद्धा.
सव्वीस वर्षांनी, यांचा डावा हात गेल्यावर,
पेन्शनच्या कागदांसाठी
आम्ही समोरचाच जिना चढलो.
कारकून बाईंनी मान वर न करता विचारलं,
स्वखुशीने ना?

हा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता.
मागं रांग. हे माझ्याकडं बघत होते.
मी हो म्हटलं.
किती वेळानं म्हटलं, त्याची नोंद नाही.

तेवढा प्रश्न राहू द्या त्या टेबलावर.
आणि तो तिलाच विचारा,
तिच्या मागं कोण उभं आहे ते न बघता.

समोरच्या बोर्डावर पोरापोरींची नावं महिनाभर लटकतात,
हरकत असल्यास कळवा म्हणून.
माझी आहे. ती तुमच्यावर आहे.

तीन प्रती काढल्यात.
एक तुम्हाला, एक फाइलला,
एक दुकानाच्या काचेला आतून लावलीय,
अक्षरं रस्त्याकडं करून.