डॅक, अकरा महिन्यांनी

पहिल्या आठवड्यात फक्त पैसे ऐकू येत होते.
दीड लाखाचा डबा, बटण एक.
"अन् गाणं तेच?" शेजारचा गजू ढोबळे म्हणाला.
तेच.

दिवाळीपर्यंत झांज मऊ झाली,
की माझे कान, सांगता येत नाही.

मग आला नागपूरचा मे.
त्रिमूर्तीनगर, वरचा मजला, शेहेचाळीस अंश.
ऐकायचं तर कूलर बंद करावा लागतो.
बनियन पाठीला चिकटतं,
अन् नलूमावशीच्या कॅसेटवरून उतरवलेल्या
यमनाआधी,
जिथे तीस वर्षं नुसती खरखर होती,
एक पाऊल, एक खटका,
कूलरची पाती मंदावत थांबतात,
वाळ्यातून दोन थेंब टपकतात.

कुणीतरी म्हणतं, "हं, आता."

तिकडेही उकडतंय.