जमिनीवर उघडं राहणारं पुस्तक

पहिली अट ही:
पुस्तक जमिनीवर उघडं राहिलं पाहिजे.
मी वाकलेली, दोन्ही हात पायांच्या वाटेला लागलेले,
आणि पान आपणहून मिटलं
तर ते कितीही ज्ञानी असो, परत.

एकतीस वर्षं मी कागद तपासला,
केमी नदीकाठच्या गिरणीत, बहुतेक रात्रपाळीला.
डोळे मिटून सांगायचे: हा ऐंशी ग्रॅमचा, हा नव्वद,
हा दमट राहिलाय, हलवा इथून.
गिरणी बंद झाली.
बोटांना ते अजून कुणी कळवलेलं नाही.

एक गुरुवार आड ग्रंथालयाची बस येते,
दुपारी दोनला, म्हणजे इथे दिवेलागणीला.
पिरिताच बस चालवते, शिक्काही तीच मारते.
"आऊने, योगाची तीन आलीत," म्हणते,
ताजे मासे आल्यासारखं.

एकाचा कागद इतका गुळगुळीत
की दिव्याखाली नुसतं त्या बाईचं पोट चमकतं,
अक्षर दिसत नाही.
दुसरं सगळं मनाविषयी. तीनशे पानं.
माझं मन बरं आहे.
दुखतो तो गुडघा, डावा,
आणि त्याच्यावर एक ओळ नाही.

व्हिडिओ पुतण्याने लावून दिले.
समुद्रकाठी एक तरुण, पाठीमागे भरपूर ऊन.
श्वास घ्या म्हणतो. घेते.
सोडा म्हणायचं विसरतो.
मी आपली फुगून बसलेली, आणि तो
तोवर तिसऱ्या आसनात.

शेवटी एक जुना सापडला, रंग उडालेला.
राखाडी गालिचा, माझ्याच वयाची बाई, पायांत लोकरी मोजे.
मधेच तिच्या घरातला फोन वाजतो.
ती उठत नाही. वाजू देते.
कुणाचा असेल, या विचारात
माझा पाय सात घंटा वर टिकला.
हा ठेवला.

आता तिसरं पुस्तक.
कापडी पाठ, दोऱ्याची शिवण.
स्वयंपाकघराच्या फरशीवर ठेवलं
तर दमलेल्या कुत्र्यासारखं पसरलं.
कागद जरा पिवळसर. कोपरा चिमटीत धरला
आणि बोटं म्हणाली, तीन नंबरच्या यंत्राचा.
माझ्या पाळीतला असेलही. नसेलही.

समासात कुणाची तरी पेन्सिल.
"टाचेकडे नको, कमरेकडे बघ."
"डावा गुडघा. उशी घे."
पश्चिमोत्तानासनाखाली: "नावच माझ्या हातांहून लांब,"
आणि दोन पानांनंतर, तारखेसकट,
"आज अंगठ्याला बोट लागलं."
त्या ओळीवर पेन्सिल इतकी दाबलेली
की मागच्या पानावर उठलीय.

एकसष्टाव्या पानावर: "उरलेलं उद्या."
पुढची पानं कोरी.

पिरिताला विचारलं, माझ्याआधी कोण होतं?
सांगता येत नाही, म्हणाली, नियम आहे.
मग खिडकीबाहेर बघत, "पेन्सिल खोडून देऊ का?"
नको म्हटलं. जरा मोठ्यानेच म्हटलं बहुतेक.

बासष्टाव्या पानावरचं मला येत नाही.
पाठ वळते तेवढी वळते,
मग मध्येच बिजागरी गंजल्यासारखी थांबते.
फोटोतला माणूस हसतोय.
त्याचं काय जातं.

चटईशेजारी आता पेन्सिल असते.
तारीख घातली. लिहिलं:
"जमलं नाही. उशा दोन लागतील."
अक्षर आधीच्याहून थोरलं आलं, म्हणून दुसऱ्या दिवशी
बारीक लिहायचा प्रयत्न केला.

तिसऱ्यांदा मुदत वाढवताना
पिरिता म्हणाली, "सावकाश होऊ दे,
यादीत पुढे कुणी नाही."
मी हातमोजे चढवले, पुस्तक कोटाच्या आत सरकवलं.
असेल, म्हटलं.