जिन्याखालून

"वर बघा," म्हणते मृण्मयी,
आणि आम्ही चौदा जण वर बघतो:
लाकडी जाळी, कौलांची कड,
सज्जात वाळत घातलेला एक टॉवेल
जो तिच्या माहितीत नाही.

म्हातारपाखाडीत मी वर कधी बघितलंच नव्हतं.
एकतीस वर्षं बेस्टचे मीटर वाचले.
हातात बॅटरी, मानेवर जाळं,
मांजरीची पिल्लं, नाताळचा मोडका तारा,
आणि काचेमागे फिरणारी चकती.

चकतीला सगळं कळायचं.
पोरगा कुवेतला लागला, दोन महिन्यांत
सव्वीस नंबरात फ्रीज आला.
डिमेलोंचे युनिट फेब्रुवारीत अचानक चढले,
रात्रभर दिवा जळत असणार;
पुढच्या खेपेला दारावर काळी फीत,
आकडा पुन्हा चाळीसवर.
मी कार्डावर लिहिलं. बोललो नाही.
ते माझं काम नव्हतं.

सून म्हणाली, बाबा, घरात नुसते बसता, जा.
सातशे रुपये भरले तिने. सातशे!
मला इथे यायचा पगार मिळायचा.

मृण्मयी चांगली पोर आहे. पाठ केलेलं विसरते,
मग खरं सांगते.
क्रूसापाशी प्लेगचं बोलताना
आवाज आपोआप खाली आणते.

कोपऱ्यावरच्या हिरव्या घराशी ती म्हणते,
"इथे आता कुणी राहत नाही."
सगळे हळहळतात. फोटो काढतात.

एर्मा परेरा.
"ये रं बाला, पानी पी आदी," म्हणायची.
मी वाकलेलाच असायचो, चेहरा नीट आठवत नाही.
सपाता आठवतात. निळ्या.
डाव्या पट्ट्याला सेफ्टी पिन.

बुटाची नाडी बांधायच्या मिषाने खाली बसतो.
मीटर नवा आहे, चकती गेली,
लाल ठिपका तेवढा.
लुकलुकतो.
मी पंधरापर्यंत मोजतो.
पुन्हा लुकलुकतो.
एक पंखा. फार तर तो आणि देवापुढचा झिरोचा बल्ब.

"काका, येताय ना?"
"आलो."

खिशात पेन आहे, कार्ड नाही.
तिने वाटलेल्या नकाशाच्या पाठीवर
आकडा लिहितो, तारीख घालतो,
आणि जुन्या सवयीने कठड्यावर
दोनदा टिचकी मारतो. झालं, बाई.

गट वळणापाशी पोचलाय.
पुढे म्हणे कुठल्याशा बेकरीत
खारी खायची आहे,
सातशेत धरलेली.