दिवस बुडायच्या आत

स्टुटगार्टच्या कोर्टात वीस मिनिटं लागली होती.
न्यायाधीश बाईंनी चष्मा काढून आमच्याकडं पाहिलं,
दोघंही हो म्हणालो.
बाहेर बर्फ पडत होता आणि सन्मती
सवयीनं माझा कोट धरून उभा राहिला.

इथं हे तिसरं वर्ष.
निकालाची नक्कल, तिच्यावर शिक्का,
शिक्का खरा आहे असं सांगणारा दुसरा शिक्का,
पुण्याहून करून आणलेलं भाषांतर,
त्यात ‘वेगळं राहण्याचं वर्ष’ असे शब्द,
आणि समासात बेनाडीकर वकिलांची पेन्सिल:
कुठं? कोणाच्या घरी? पुरावा?

बाबांचं उद्यमनगरातलं पॅटर्नचं दुकान आता मी चालवते.
नव्या मशीनसाठी कर्ज मागितलं तर बँक म्हणाली,
पतीची सही आणा.
म्हटलं, पती नाहीत.
मग मृत्यूचा दाखला.
अहो, चांगला जिवंत आहे,
मागच्या महिन्यात मुलगी झाली त्याला.
साहेबांनी फाईल मिटली.
त्या मुलखाचा काडीमोड आमच्यात धरत नाहीत, मॅडम.
लग्न कागलात लागलं,
तर सुटलं हेही इकडच्याच कोर्टानं म्हणायला हवं.

म्हणून कसबा बावड्याला तारीख.
पट्टेवाल्याचा पुकारा अजून सासरच्या नावानं,
त्रिशला सन्मती मगदूम,
तीनदा.
तिसऱ्याला मी उठले.
माझ्या आधी आक्का उठली होती.

मुलाची कुलमुखत्यार म्हणून आलेली,
कागलहून, एसटीनं,
पिशवीत त्याचं प्रतिज्ञापत्र आणि माझ्यासाठी धपाटी.
पाच वर्षांत भेट नव्हती.
‘वाळलीस,’ म्हणाली, एवढंच.

‘थांबा अजून,’ आतून कुणीतरी म्हणालं, कागद कमी होता.
परत बाकावर. तिनं सरकून जागा केली.
सारखी घड्याळाकडं बघायची.
तिला दिवस बुडायच्या आत खावं लागतं
आणि डिसेंबरचा दिवस तो केवढा.

पावणेपाचला ती पिंजऱ्यात उभी राहिली.
निकाल दोघांच्या राजीखुशीनं झाला?
‘खरं सांगतो साहेब,’ आक्का म्हणाली.
टायपिस्टनं ‘सांगते’ असं उमटवलं.
आमच्याकडं बायका येतो-जातो म्हणतात,
कागदावर चढल्या की येते-जाते होतात.
‘दोघंबी बोलली माझ्याशी. एकाच फोनवर,
एकापाठोपाठ एक. पोरगं रडलं.
ही न्हाई रडली.’
एवढं घेऊ नका, वकील म्हणाले.

ह्यांना ओळखता?
‘सून हाय की माझी.’
होती म्हणा, बेनाडीकर पुटपुटले.
पंखा फिरत होता.
आक्कानं माझ्याकडं पाहिलं,
सुट्टे पैसे हातावर ठेवण्याआधी
बायका परत एकदा मोजतात तसं.
‘होती,’ ती म्हणाली. ‘लिवा.’

निकाल पुढल्या तारखेला.

रिक्षानं गंगावेशीत आलो.
म्हैस उभी, गवळ्याच्या गुडघ्यात चरवी,
धार वाजत होती.
ह्या गावाला दूध
आपल्या डोळ्यांदेखत काढलेलंच पटतं.
सात समुद्रांपलीकडं काढलेलं
त्यानं कसं म्हणावं निखळ?
कोर्टावरचा माझा राग तिथं जरासा निवला.

‘दोन घटकांत प्यायलं की तापवाय लागत न्हाई,’
आक्का म्हणाली
आणि रंकाळ्याच्या अंगाचं तांबडं आभाळ बघत
एका दमात पेला रिकामा केला.
वरच्या ओठावर फेस.
मी रुमाल पुढं केला,
तिनं तो घेतला, पुसलं,
घडी घालून स्वतःच्याच कमरेला खोचला.

पैसे घेताना गवळ्यानं सहज विचारलं,
आई का सासू?

‘दोन पेलं झालं,’ आक्का म्हणाली.
‘किती?’