जिभेवरचं वजन

विनेमक्काच्या शोरूममध्ये कॉर्बिन आम्हांला
पाऊण तास सीट दाखवत होता.
गरम होणारी सीट, गार होणारी सीट,
पाठ चेपून देणारी सीट.
छताला काच, म्हणजे तारे दिसतात.

ओसाबा पेयोनं चाळीस वर्षं मेंढ्यांमागं
ताऱ्यांखालीच काढलेली. तो काही बोलला नाही.
टोपी माझ्या हातात दिली, फरशीवर उताणा झाला
आणि सरकत सरकत त्या चकचकीत पिकअपच्या पोटाखाली गेला.
बाहेर फक्त बूट.

ओसाबा म्हणजे काका. बास्क भाषेतले
माझ्याकडे उरलेले शब्द एवढेच :
काका, मेंढी, मीठ, गप्प बस.

आतून प्रश्न आले.
मागचा डिफरन्शियल लॉक होतो का?
इंजिनखालची ढाल लोखंडी की प्लास्टिकची?
कॉर्बिननं माहितीपत्रक चाळलं.
त्यात होतं, ही गाडी पाच टन ओढते.
"आत कुणाकुणाला बसवून?" बुटांनी विचारलं.

मी दार उघडलं.
खरं काय ते दाराच्या कडेला चिकटवलेलं असतं,
दार लावलं की झाकलं जाईल अशा जागी :
माणसं, सामान, सगळं मिळून सहाशे सत्तर किलो.
तिथंच हिशेब मांडला.
ओसाबा पंच्याण्णव. मी, खरं सांगते, ब्याऐंशी.
लुमा कुत्री तीस. साखळ्या, जॅक, दोन जादा टायर,
आणि ट्रेलरची जीभ, दीडशे.

हो, ट्रेलरला जीभ असते.
पुढं काढलेली, गाडीच्या गोळ्यावर टेकवलेली.
त्याच्या वजनातला दहावा हिस्सा तिच्यावर यावा.
जास्त आला तर गाडी मागं बसते, दिवे आभाळ बघतात.
कमी आला तर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो,
आणि ओझं एकदा हलायला लागलं
की गाडी कोण चालवतंय हे नव्यानं ठरतं.
ओसाबा हे एका वाक्यात सांगतो :
हलक्या जिभेच्याला मागं बांधून घेऊ नये.
पहिल्या जावयाबद्दलही तो हेच म्हणाला होता.

शेवटी घेतली ती जुनीच. बारा वर्षांची, डाव्या दाराला पोचा.
सीट थंडीत गार, उन्हाळ्यात गरम,
त्याचे वेगळे पैसे नाहीत.

ऑगस्टात ओवायहीच्या पठारावरचा झरा आटला.
हजार लिटरची टाकी, जाळीच्या पिंजऱ्यातली,
ॲक्सलच्या वीतभर पुढं आवळून बांधली.
बेचाळीस किलोमीटर, रस्ता पन्हळी पत्र्यासारखा.
भरलेली टाकी शहाणी असते,
पाण्याला हलायला जागा नसते.
वर मेंढ्या प्यायल्या, कुंड काठोकाठ झालं,
आणि अंधार पडता पडता
उरलेली अर्धी टाकी घेऊन मी उतरायला लागले.

लो रेंज. दुसरा गियर.
तिसऱ्या वळणावर ब्रेक दाबला.
गाडी थांबली, ट्रेलर थांबला,
पाणी नाही थांबलं.
ते धावत पुढं आलं, पाठीत धपका घातला,
मग मागं फिरलं,
जीभ वर उचलली, मागची चाकं खडीवर हलकी झाली.
डावीकडं काहीच नव्हतं. लुमा उठून उभी राहिली.

ओसाबा उतरला. मागं गेला. तोटी उघडली.
दाढीचं पाणीसुद्धा
नीट नेऊन झुडपाला घालणारा माणूस.
पाचशे लिटर. दहा मिनिटं.
माती आधी प्यायचं विसरूनच गेली होती,
पाणी तिच्यावरून धुळीचे मणी होऊन पळत राहिलं,
मग एकदम दिसेनासं झालं.

चूक माझी होती. निघतानाच वर रिकामी करायची असते.
मी वाट बघत होते, आता बोलेल.
तो मान वर करून उभा.
"त्या काचेचे किती जास्त सांगत होता तो?"
"अठराशे डॉलर."
तो आणखी थोडा वेळ तसाच राहिला,
मग तोटी बंद केली, सवयीनं दोनदा तपासली.

रिकामा ट्रेलर घरापर्यंत बडबडत आला.