किरकोळ

आचारसंहिता लागली की वेंगुर्ल्याच्या ठाण्यात
बंदुका जमा होतात.
ठासणीच्या, एकनळी, बारा बोअरच्या,
गोणपाटात बांधलेल्या, एखादी तर जुन्या लुगड्यात,
दस्त्याला सुतळीनं अडकवलेली नावाची चिठ्ठी.
माकडं आणि रानडुकरं यांना दीड महिन्याची सुट्टी.
हवालदार पावती फाडतो, म्हणतो,
मतदान शांततेत व्हायला हवं.

मी नाटेकर शेठचा दिवाणजी.
मच्छी मार्केटच्या मागे आमचं दुकान:
शेतीसंरक्षण परवानाधारकांसाठी काडतुसं, छर्रे.
त्या दीड महिन्यात गिऱ्हाईक नसतं,
आणि शेठचा हात त्याच दिवसांत सगळ्यात सैल.
पाकिटं लग्नाच्या आहेराची,
वर एक रुपयाचं नाणं चिकटवलेली.
शिडीवाल्याला सकाळी, पुढच्या दारानं.
शिट्टीवाल्याला रात्री, मागच्या.
मी एकदा विचारलं, दोघांनाही?
शेठ म्हणाले,
"माडाच्या मुळात पाणी घालूचा.
खयच्या झावळाक पोचला, ता कोण बघता?"

वहीत ते कुठे मांडायचं
हे त्यांनीच पहिल्या वर्षी शिकवलं.
चहा, सुतळी, डांबरगोळ्या, आणि ते.
सदर: किरकोळ.

माझी भाची सुलक्षणा ओहायोत असते.
फोनवर म्हणाली, मामा, इथेही असंच.
बंदूकवाल्यांच्या संघटना पैसे देतात
काँग्रेसला उभ्या राहणाऱ्यांना.
मी म्हटलं, काँग्रेस तिकडे कधी पोचली?
ती हसली. पक्ष नव्हे हो, सभागृह.
मग तिनं वाचून दाखवलं:
नाव, गाव, रक्कम, तारीख,
सगळं उघड, कुणीही बघावं.
मला हेवा वाटला, खरं सांगतो.
केवढी स्वच्छ वही.
विचारलं, मग लोक वाचून काय करतात?
बराच वेळ पलीकडून
तिच्या डिशवॉशरचा आवाज येत राहिला.

इनास डिमेलो गेला त्याला दोन वर्षं झाली.
फाल्गुन, बोंडूंचे दिवस;
त्या वासानं डुकरं खाली उतरतात.
इनास आपल्याच काजूत राखणीला वाकून बसलेला.
शेजारच्या अण्णा परुळेकरांचं वय चौऱ्याहत्तर,
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला.
"डुक्कर समजान मारलंय," म्हणत
ते पहाटेपर्यंत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले.
काडतूस आमच्याकडचं.
पंचवीसचा डबा, पान एकशे बारा, माझं अक्षर.

तेव्हाचा आमदार शिडीवाला.
पास्कीनच्या खळ्यात उभा राहून म्हणाला,
परवानेवाल्यांची दर तीन वर्षांनी डोळेतपासणी,
मी सभागृहात मांडतो.
एवढंच. बंदूक काढून घ्या असं कुणीच म्हणालं नव्हतं.
नुसते डोळे.
शेठ दुसऱ्या आठवड्यात कुडाळला जाऊन आले.
येताना खाजं आणलं, मलाही दिलं.
मी खाल्लं.

यंदा शिट्टी आली.
शेठनी दोन हार सांगितले होते, एक परत केला.
बंदुका पावत्या दाखवून घरोघर गेल्या.
इनासची मात्र पास्कीन थेट दुकानात घेऊन आली.
विकायची म्हणाली.
शेठ नव्हते. मी नळी बघितली, दस्ता बघितला,
कागद बघितले, किंमत सांगितली.
तिनं घासाघीस केली नाही.
वही उघडीच होती. शाळेत शिकवायची ती,
उलटं अक्षरही तिला वाचता येतं.
बोट ठेवून विचारलं,
"ह्या किरकोळ म्हणजे काय?"
मी म्हटलं, चहापाणी.
"इतक्या चाय कोण पिता?"

नोटा दोनदा मोजल्या, रुमालात बांधल्या,
आणि कनवटीचा एक रुपया काढून
काउंटरवर ठेवला.
"पाकिटाक चिकटवूक लागात तुमका."

संध्याकाळी गल्ल्यात रुपया जास्त.
शेठ म्हणाले, टाक किरकोळात.
मी हो म्हटलं.
अजून टाकलेला नाही.
खणात आहे, रबरी शिक्क्यापाशी.
खण ओढला की घरंगळतो,
मागच्या फळीवर जाऊन वाजतो.