एकतीस नावं

खाणी बंद पडल्या, ट्रक विकला,
आलेले पैसे रमीनं
चार महिन्यांत गिळले.

मग साखळीहून भाचा आला, सर्वेश.
राऊटर जोडून म्हणाला, "मामी, नावं सांगा."
मी वाणसामानासारखी सांगत गेले.
एकूण एकतीस.
पासवर्ड आमसुलांच्या बरणीखाली.
मोबाइलची रेंज आमच्या वाड्यावर नाहीच.

तेव्हापासून रोज माझ्याकडे हिशेब येतो,
बंद दारांवर रात्री किती थापा.
पहिल्या रात्री बहात्तर.
सकाळी पोदेराचा हॉर्न वाजला
तर हाच आधी उठून पाव घेऊन आला,
दोन जास्तच.
मी काही विचारलं नाही. त्यानंही नाही.

चाळीस. एकोणीस. मध्येच एकदा साठ,
त्या दिवशी बँकेचं पत्र आलं होतं.
आणि परवा, मध्यरात्र उलटली तरी
शून्य.

बरं वाटायला हवं होतं.
अंथरूण रिकामं.
मागच्या दारी गेले, तर माडाखाली,
वेरेंकरांच्या कुंपणाला चिकटून हा,
हात उंच करून त्यांचं वायफाय शोधतोय.
चवथीत एकमेकांना दिलेले पासवर्ड
कुणीच बदलले नव्हते.
आणि पलीकडून, बनियनवर, खुद्द वेरेंकर
आमचं शोधतायत.

म्हणजे सर्वेश त्यांच्याकडेही जाऊन आला होता.

दोघांनी एकमेकांचे उजळलेले चेहरे पाहिले.
"झोप नाही?"
"डास."
"हो, डास फार झालेत."

मी आत आले.
दार नुसतं लोटून ठेवलं.